रॅम महागली म्हणून जुना पीसी ओव्हरक्लॉक करताय? आधी व्होल्टेज बघा

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी आहे आणि कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलंय. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ हा आपल्यासारख्या ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे नवा गेमिंग पीसी बांधायचा बेत अनेकांनी पुढे ढकललाय आणि ‘आहे तोच ओढू’ हा विचार जोरात आहे. मिरकरवाड्यातल्या माझ्या एका मित्राचा प्रश्नही तोच: “रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० आहे. ओव्हरक्लॉक करून किती मिळेल, आणि जळणार तर नाही ना?”

जळण्याची भीती अगदीच खोटी नाही. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट करपल्याचे फोटो फिरले. अनेकांनी फक्त रॅमची ‘एक्स्पो’ प्रोफाइल चालू केली होती, म्हणजे बायोसमधलं एकच बटण. पण त्यासोबत बोर्डाने एसओसी व्होल्टेज गुपचूप वाढवलं होतं. मग एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

इंटेलचं प्रकरण जास्त मोठं. १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर हळूहळू अस्थिर व्हायला लागले. गंमत अशी, की अनरियल इंजिनवरचे गेम्स ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा एरर द्यायचे, त्यामुळे लोक बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसले. शेवटी २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतलं सर्किट झिजत होतं. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने ही मागणी १.५५ व्होल्टवर अडवली, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप झिजली ती झिजली, अपडेटने ती बरी होत नाही. आणि यातल्या अनेकांनी स्वतःहून काहीही ओव्हरक्लॉक केलेलं नव्हतं.

माझ्या मते या दोन्ही प्रकरणांत एकच गोष्ट दिसते. क्लॉक वाढवल्याने चिप सहसा मरत नाही. ती अडखळते, पीसी रिस्टार्ट होतो, सेटिंग मागे घेतलं की विषय संपतो. कायमचं नुकसान करतं ते व्होल्टेज आणि त्यातून येणारी उष्णता. हिशेब साधा आहे: वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. क्लॉक ५ टक्के वाढवायला व्होल्टेज ८ टक्के चढवलं, तर वीज साधारण २२ टक्के जास्त जाते. शेवटच्या थोड्या वेगासाठी डिझेल किती जास्त जळतं, हे मिरकरवाडा बंदरातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा, तो सांगेल.

शिवाय आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच ताणून येतात. जुन्या काळासारखी २०-३० टक्क्यांची चंगळ आता राहिलेली नाही. म्हणून मित्राला मी उलटं सुचवलं: व्होल्टेज कमी कर. रायझन ५००० मध्ये बी५५० किंवा एक्स५७० बोर्ड असेल, तर बायोसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ मिळतो. सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरुवात करा. चिप थंड राहते, आणि थंड राहिली की स्वतःच जास्त वेळ वरच्या क्लॉकवर टिकते. एक मात्र लक्षात ठेवा, या सेटिंगची चूक लोड टेस्टमध्ये दिसेलच असं नाही. पीसी नुसता पडून असताना तो रिस्टार्ट होतो. त्यामुळे तासभर सिनेबेंच पास झालं म्हणून नाचू नका, आठवडाभर रोजचं काम करून बघा. (इंटेलच्या ज्या मॉडेलला शेवटी ‘के’ नाही, त्याचा मल्टिप्लायर लॉक असतो. तिथे हा खेळच नाही.)

ग्राफिक्स कार्ड त्या मानाने सुरक्षित. एनव्हिडिया व्होल्टेजला वरून कुलूप लावून ठेवते. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉक २५-२५ मेगाहर्ट्झने वाढवा, गेम अडकला की दोन पायऱ्या मागे या. मेमरीला घाई नको. ३०८०सारख्या कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी चुका पकडून डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे क्रॅश होत नाही, पण एफपीएस मात्र घसरतो. आकडा वाढवला आणि स्कोअर उतरला, तर समजा हद्द झाली.

आता आपल्या हवेचं बोलू, कारण यूट्यूबवर हे कोणी सांगत नाही. परदेशी रिव्ह्यू २०-२१ अंशांच्या खोलीत होतात. रत्नागिरीत मे महिन्याच्या दुपारी खोली सहज ३२ वर असते. कूलर कितीही भारी असो, चिप खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे तो ११ अंशांचा फरक जवळपास जसाच्या तसा तुमच्या आकड्यात चढतो. तिकडे ७८ दिसलं तर इकडे ८९ धरा, आणि ५६०० ची मर्यादा ९० आहे.

दुसरं मीठ. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. खाऱ्या वाऱ्यासोबत बोर्डावर बसलेल्या क्षारांचंही तेच होतं, आणि तो ओला थर वीज वाहतो, तांबं खातो. ‘हवा लागू दे’ म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून पीसी समुद्राकडच्या खिडकीत ठेवणं इथे अजिबात चालणार नाही. झाकण लावा, फिल्टर साफ ठेवा. जून-जुलैत गेम खेळणार नसाल तरी आठवड्यातून दोनदा पीसी तासभर चालवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको. सगळ्याच्या आधी बायोस अपडेट करा, कारण वरच्या दोन्ही दुरुस्त्या त्यातूनच आल्या. फक्त ते यूपीएसवर करा आणि वादळी पावसाच्या संध्याकाळी तर नकोच. अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली, तर बोर्ड दुकानात न्यावा लागू शकतो.