शब्दांचे ऋण

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्यापाशी एकही शब्द नसतो. आई बोलते, आजी गोष्टी सांगते, शेजारीपाजारी हाका मारतात. त्यातून त्याची भाषा घडते आणि भाषेबरोबर मनही घडत जाते. चांगले कशास म्हणावे, लाज कशाची बाळगावी, दुःखात धीर कसा धरावा, हे त्याला प्रथम कळते ते दुसऱ्यांच्या शब्दांतून. म्हणूनच शब्द हे एक ऋण आहे.

हे ऋण केवळ पुस्तकांचे असते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील आसोदे या गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु दळताना, कांडताना, शेतात राबताना त्यांच्या ओठी सहज गाणी येत. पेरणी, मोट, सुगरणीचा खोपा, माहेरची वाट असे विषय आणि भाषा घरातलीच, खानदेशातली. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती गाणी ऐकली आणि काही उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. २०१८ साली तर जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर कवयित्रीचे नाव देण्यात आले.

येथे मोठेपणा गाणाऱ्या आईचा आहे, तसाच ऐकणाऱ्या मुलाचाही आहे. आईची बोली गावंढळ म्हणून त्याने ती कानाआड केली असती, तर ते धन तिच्याबरोबरच नाहीसे झाले असते.

प्रत्येक घरात बहिणाबाई नसते, हे खरे. परंतु पिकांची, अवजारांची, पाखरांची नावे, म्हणी, उखाणे आणि जुन्या आठवणी प्रत्येक आजीआजोबांपाशी असतात. शाळेत प्रमाण भाषा अवश्य शिकावी. मात्र ती शिकून घरच्या बोलीला हसणे हा कृतघ्नपणा होय. वडीलधारी माणसे बोलत असता मुलाने जवळ बसावे, न कळलेला शब्द विचारावा, आवडलेला वहीत टिपून ठेवावा. धाकट्या भावंडांशी बोलताना त्याने आपले शब्दही जपून वापरावेत. कारण त्यांची मने त्याच शब्दांनी घडत असतात. हे ऋण फेडण्याचा मार्ग हाच.