विश्लेषण : वादळाचा नकाशा वाचायचा कसा?

फ्लोरिडातल्या मुलीने टीव्हीवरचा वादळाचा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला की पुण्यातल्या घराची झोप उडते. त्या नकाशात काय असते आणि काय नसते, हे २०२२ मध्ये ‘इयन’ने दाखवून दिले.

सुरुवात कुठे होते?

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून दरवर्षी साधारण ६० ‘ट्रॉपिकल वेव्ह’ अटलांटिकवर येतात. नावात लाट असली तरी ही समुद्राची लाट नव्हे. पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांतला तो कमी दाबाचा सरकता पट्टा. बहुतेकांचे वादळ होतच नाही. ज्यांचे होऊ शकते, त्यांची शक्यता मायामीचे नॅशनल हरिकेन सेंटर टक्क्यांत देते. २० टक्क्यांच्या पट्ट्याला कुणी ‘महाराक्षस’ म्हणत असेल, तर चॅनेल बदललेले बरे.

शंकू चुकला की वाचणारे?

इयनही अशाच पट्ट्यातून जन्मले. सुरुवातीच्या अंदाजांत मार्ग टॅम्पाकडे दिसत होता, त्यामुळे चर्चाही टॅम्पाचीच. २८ सप्टेंबरला ताशी २४० किमी वाऱ्यांसह ते धडकले केयो कोस्टा बेटावर, टॅम्पाच्या बरेच दक्षिणेला. फोर्ट मायर्स बीचवर तळमजले पाण्याखाली गेले. तिथल्या ली काउंटीत स्थलांतराचा आदेश निघाला होता आदल्या दिवशी सकाळी. अनेकांचा भरवसा शंकूच्या मधल्या रेघेवर होता आणि ती रेघ त्यांच्या गावावरून जात नव्हती.

शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. मागील ५ वर्षांत अंदाज किती चुकले, यावरून तो आखतात. वादळाचे केंद्र त्यात राहण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे तीनदा अंदाज दिला तर एकदा केंद्रच बाहेर. पाऊस आणि उधाण तर शंकूला जुमानतच नाहीत. केंद्राच्या पत्रकात उधाणाचा इशारा वेगळा असतो, पण टीव्हीवर रंगीत शंकूच तासन्‌तास फिरतो. दोष अंदाजापेक्षा या मांडणीचा अधिक.

आपल्याकडे ३ जून २०२० ला ‘निसर्ग’च्या वेळी कॅमेरे मुंबईच्या समुद्राकडे होते, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या श्रीवर्धन, दिवेआगरला.

तेव्हा मुलीचा नकाशा आला की आधी कोपऱ्यातली वेळ पाहा. पत्रक दर सहा तासांनी बदलते, इशारा लागू असेल तर मध्ये आणखी एक येते. कालचा स्क्रीनशॉट असेल तर तिला विचारा, तिचे घर स्थलांतराच्या कोणत्या झोनमध्ये येते.