भाष्यकार कोण, हे विचारायलाच हवे

कायदा पुस्तकात एक असतो आणि कोर्टात दुसराच होऊन बसतो. मधे भाष्यकार असतो. आपल्याकडे हिंदू कायद्याचा प्रश्न आला की वकील ‘मुल्ला’ उघडतात. ते पुस्तक १९१२ सालचे. मुल्ला गेले, संपादक बदलले, पुस्तक चालूच आहे. जर्मनीत नागरी कायद्यासाठी असाच ‘पालांट’ होता. दरवर्षी नवी आवृत्ती, तीन हजारांहून जास्त पाने, आणि जवळपास प्रत्येक न्यायाधीशाच्या टेबलावर.

हा ओटो पालांट कोण? १९३३ साली नाझी पक्षात गेलेला, आणि १९३४ पासून कायद्याच्या सरकारी परीक्षामंडळाचा अध्यक्ष. जर्मन बायकांना न्यायाधीश आणि वकील होण्याची मुभा १९२२ मध्ये मिळाली होती. या गृहस्थाने लिहून ठेवले की कायदा सांभाळणे हे पुरुषाचे काम. १९३६ मध्ये हिटलरच्या हुकमाने ती दारे बायकांना पुन्हा बंद झाली. म्हणजे बायकांनी कायद्यात यायचेच नाही असे म्हणणाऱ्याच्या नावाचे पुस्तक उघडून, पुढे कायद्यात आलेल्या हजारो बायकांनी अभ्यास केला!

गंमत अशी की या माणसाने त्या ग्रंथातल्या एकाही कलमावर भाष्य लिहिलेले नाही. मूळ संपादक गुस्टाव विल्के १९३८ साली वारला, म्हणून पालांटला बसवले. त्याने प्रस्तावना लिहिली, त्यात नाझी विचारसरणीचा उदो उदो केला, आणि मुखपृष्ठावर नाव कायम झाले. छोट्या भाष्यग्रंथांची कल्पना तरी कोणाची? बर्लिनच्या ओटो लिबमान या ज्यू प्रकाशकाची. १९३३ मध्ये नाझी राजवटीत त्याला आपली संस्था बेक प्रकाशनाला विकावी लागली. त्याचे नाव विस्मरणात गेले.

युद्ध संपले, पालांट १९५१ मध्ये मेला, तरी नाव हलले नाही. कायद्याच्या तरुण विद्यार्थ्यांनी मोहीम उघडली तेव्हा प्रकाशक आधी तयार नव्हते. अखेर २०२१ मध्ये नाव बदलले. आता तो ग्रंथ क्रिस्तियान ग्र्युनेबर्ग या न्यायाधीशाच्या नावाने निघतो. (पुन्हा पुरुषाचेच नाव, हे आपल्या वाचक मैत्रिणींच्या लक्षात आले असेलच.)

आमच्या कामात भेटणारे काही वकील म्हणतात, नाव बदलून काय होते, आतला कायदा तोच ना? मला हे अजिबात पटत नाही. आतला कायदा काय होता ते पाहा. १९०० साली लागू झालेल्या त्या नागरी संहितेत संसारातल्या सर्व बाबींचा निर्णय नवऱ्याचा होता. १९४९ च्या राज्यघटनेत समान हक्काचे कलम आले, ते एलिझाबेथ झेलबर्टने लढून आणले म्हणून. विसंगत कायदे मार्च १९५३ पर्यंत बदलायचे होते. संसदेने मुदत चुकवली, आणि १९५७ च्या नव्या कायद्यातही मुलांबाबत मतभेद झाला तर शेवटचा शब्द बापाचा ठेवला. तो घटना न्यायालयाने १९५९ मध्ये रद्द केला. त्या न्यायालयात तेव्हा एर्ना शेफलर ही एकटी बाई होती. घर-संसार सांभाळूनच नोकरी करावी, ही बायकोवरची अट तर १९७७ पर्यंत टिकली. घटनेत समता लिहिलेली असताना असे अर्थ लावणारे आणि ते निमूट छापणारे कोण होते, हा प्रश्न नावाइतकाच आतल्या पानांचाही आहे.

आणि आपण जर्मनांना हसण्याचे कारण नाही. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. हे ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच, असा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाप जिवंत असूनही मुलाकडे पाहत नसेल तर आई पालक आहे. एका शब्दाचा अर्थ बदलायला ४३ वर्षे गेली. कलमातला शब्द मात्र आजही तोच आहे.

नवऱ्याने टाकलेली बाई मुलाच्या कागदांसाठी आमच्याकडे येते, तेव्हा मला तो निकाल छापून हातात द्यावा लागतो. तुमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या ग्रंथालयात जाऊन एकदा बघा, तिथले भाष्य १९९९ च्या आधीचे आहे की नंतरचे. आधीचे असेल तर बदलायला लावा, आणि आम्हाला कळवा.