‘पेट्रिअट’चे चाहते आणि ढकलला गेलेला माणूस

एखादी कलाकृती फार थोड्यांनी पाहिली असली, की तिच्याविषयी बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट ती अर्ध्यावर सोडून उठलेल्यांचा, दुसरा ती पाहिली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्यांचा. ‘पेट्रिअट’ या अमेरिकन हेरमालिकेच्या वाट्याला नेमके हेच आले. पहिल्या तटाशी आमचे भांडण किरकोळ आहे. दुसऱ्याशी मात्र मोठे आहे, आणि ते आपल्याच माणसांशी असल्यामुळे थोडे कडवटही आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी हकिकत सांगणे भाग आहे. स्टीव्हन कॉनराड यांच्या या मालिकेचा पहिला भाग अ‍ॅमेझॉनने २०१५ साली चाचणीदाखल दाखवला. २०१७ मध्ये दहा भागांचे पहिले पर्व आले, २०१८ मध्ये आठ भागांचे दुसरे, आणि २०१९ मध्ये मालिका बंद झाली. नायक जॉन टॅव्हनर हा हेर. त्याचा बाप टॉम गुप्तवार्ता खात्यातला बडा अधिकारी, आणि मुलाला कामगिरीवर धाडणारा तोच. आधीच्या एका कामगिरीत जॉनच्या हातून भलत्याच माणसाचा जीव गेला आहे, आणि त्याचे मन पार मोडले आहे. तरी बाप त्याला पुन्हा पाठवतो. मिलवॉकीतल्या एका पाइप बनवणाऱ्या कंपनीत खोट्या नावाने नोकरी धरायची आणि कंपनीच्या कामाच्या निमित्ताने लक्झेंबर्गला पैशांनी भरलेली बॅग पोचवायची. इराणमधली निवडणूक त्या पैशांनी वळवायची आहे. बॅग विमानतळावरच नाहीशी होते. पुढे जे घडते ते सारे त्या एका बॅगेपायी.

‘मालिका फार संथ आहे’ हा पहिल्या तटाचा आक्षेप. आम्हाला तो निरीक्षण म्हणून मान्य आहे, दोष म्हणून नाही. इथे एक चूक झाकण्यासाठी दुसरी करावी लागते, दुसरीचा साक्षीदार उरतो, त्या साक्षीदाराचे काय करायचे हा तिसरा प्रश्न. आभाळच फाटल्यावर ठिगळ लावणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. ठिगळ लावायला वेळ लागतो, आणि तो वेळ पडद्यावर दिसतो. दुसऱ्या पर्वात, पॅरिसमध्ये, ही वळणे जरा जास्त होतात हे आम्हीही नाकारत नाही. पण ज्यांना हेरकथा म्हटली की पाठलाग आणि स्फोट हवेत, त्यांनी ते अन्यत्र पाहावेत. त्यांची तशी सोय मुबलक आहे.

आता दुसरा तट. या मंडळींचे लाडके मत असे, की ‘पेट्रिअट’ हसवता हसवता रडवते. हे वाक्य इतक्या कलाकृतींना चिकटवून झाले आहे की त्याला आता कसलाच डिंक उरलेला नाही. आपल्या जुन्या काव्यशास्त्राने, विशेषतः विश्वनाथाने, हास्य आणि करुण यांना परस्परविरोधी रस मानले होते. ते कर्मठपणाचे वाटले, तरी त्यामागची शंका खरी आहे: दोन्ही एकत्र आले की एक दुसऱ्याला फसवू शकतो. हसू आले की दुःखाचा हिशेब मिटला असे वाटू लागते. ‘पेट्रिअट’ पाहणारे बहुसंख्य चाहते नेमके असेच फसलेले आहेत.

नोकरीच्या मुलाखतीचा प्रसंग घ्या. स्टीफन चू हा दुसरा उमेदवार जॉनपेक्षा सरस आहे. नोकरी त्यालाच मिळणार हे उघड आहे. जॉन त्याला सरळ एका ट्रकसमोर ढकलून देतो. प्रसंग इतका अनपेक्षित आणि इतक्या कोरड्या चेहऱ्याने रंगवलेला आहे की हसू येते, आम्हालाही आले. चाहते ही आठवण मोठ्या कौतुकाने सांगतात आणि तिथेच थांबतात. पण मालिका तिथे थांबत नाही. स्टीफन मरत नाही. मेंदूला कायमची इजा घेऊन तो परत येतो आणि जॉनच्याच कार्यालयात काम करू लागतो. जो मनुष्य विनोदाचा निमित्तमात्र विषय होता तो आता शेजारच्या खुर्चीत बसलेला आहे, आठवणीचे तुटलेले धागे जुळवू पाहतो आहे. चेष्टेत चिरडलेला माणूस पुढच्या प्रसंगात सहसा नसतो. काळ्या विनोदाची ती सोयीची अट असते. कॉनराड यांनी ती अट मोडली. आमच्या मते मालिकेचे सारे मोठेपण या एका निर्णयात आहे, आणि त्याविषयी चाहते क्वचितच बोलतात.

त्याऐवजी ते जॉनचे निदान करतात. तो आघाताने खचलेला आहे, आजारी आहे, त्याला विश्रांती हवी, उपचार हवेत. मायकल डॉर्मन यांचा तो थकलेला, मिटलेला चेहरा पाहून अशी कणव दाटून येणे स्वाभाविक आहे. परंतु निदान झाले की दोष नाहीसा होतो. केवळ जॉनचा नव्हे, त्याला धाडणाऱ्या बापाचाही. टेरी ओक्विन यांनी उभा केलेला टॉम खलपुरुष नाही. मुलावर त्याचे मनापासून प्रेम आहे, आणि तरी तो त्याला पाठवतच राहतो. आज्ञाधारक पुत्राचे कौतुक करण्याची आपली जुनी खोड असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला तर हे विशेष टोचायला हवे. मालिकेचे नाव ‘देशभक्त’ अशा अर्थाचे आहे. ते कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न रुग्णालयाच्या केसपेपरवर सुटणारा नाही.

जॉन फावल्या वेळात गिटार घेऊन लोकांसमोर गाणी म्हणतो. ती सूचक वगैरे अजिबात नसतात. स्वतःच्या गुप्त कामगिऱ्यांचा वृत्तांत तो भर मैफलीत सांगून टाकतो. हेराच्या व्यवसायात जी एकच गोष्ट निषिद्ध, ती म्हणजे कबुली, ती तो देत सुटतो. समोरचे टाळ्या वाजवतात. त्या श्रोत्यांत आणि आमच्या या चाहत्यांत फारसे अंतर आम्हाला दिसत नाही. कबुली ऐकून चाल छान आहे म्हणणारे हे लोक.

कर्टवुड स्मिथ यांच्या लेस्ली क्लॅरेटचे पाइपांविषयीचे ते अगम्य भाषणही असेच तुटक उचलून सर्वत्र फिरवले जाते. अस्सल वाटणारी, पण बव्हंशी रचलेली ती परिभाषा ऐकायला बहारदार आहे, यात शंका नाही. पण ज्याला हे काम खरोखर येते आणि मनापासून आवडते, अशा माणसासमोर काम येत असल्याचे सोंग आणणारा जॉन बसलेला आहे, आणि ज्याला ते खरोखर आले असते तो ट्रकखाली गेला आहे. तुकडा वेगळा काढला की उरतो तो शब्दांचा खुळखुळा.

शेवटी ते नेहमीचे गाऱ्हाणे: जाहिरात झाली नाही, कंपनीने अन्याय केला, लोकांना समजले नाही. जाहिरात तोकडी होती हे खरे. पण अपयशी हेरांचा विनोद लोकांना नकोच असतो, असे म्हणता येणार नाही. मिक हेरन यांच्या कादंबऱ्यांवरून २०२२ साली सुरू झालेल्या ‘स्लो हॉर्सेस’ला प्रेक्षक भरपूर मिळाले. फरक इतकाच, की तिथे जॅक्सन लॅम्ब स्वतः टोमणे मारतो आणि आपण त्याच्या बाजूने हसतो. जॉनला आपण विनोदात आहोत याचा पत्ताच नसतो. त्यामुळे हसायचे तर आपल्या जबाबदारीवर हसावे लागते. प्रेक्षक दुरावले असतील तर याचाही त्यात वाटा असावा, असा आमचा तर्क आहे. ‘ही सर्वांसाठी नाही’ असे म्हणून मिरवणाऱ्यांनी ही अडचण समजावून देण्याचे कष्ट कधी घेतले नाहीत.

तेव्हा यापुढे कोणाला ही मालिका सुचवायची असेल, तर लेस्लीच्या भाषणाचा तो तुकडा पाठवू नका. पहिला भाग सांगा. ट्रकच्या प्रसंगाला तो मनुष्य हसला तर हसू द्या. चार-पाच भाग झाले, की स्टीफन आता कुठे आहे, एवढे मात्र त्याला विचारा.