घाटरस्त्यावरचा आकारशोध

रस्त्यावरच्या चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारापासूनच सुरू होतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ६७ या मानकात धोक्याची सूचना त्रिकोणात, वेगमर्यादा वर्तुळात, माहिती आयतात आणि ‘थांबा’ ही आज्ञा अष्टकोनात दिली जाते. अक्षरे वाचता येण्याच्या आधीच आकार दिसतो. वाहनातल्या किंवा खांबावरच्या कॅमेऱ्यालाही हाच क्रम सोयीचा आहे. मात्र प्रयोगशाळेत सहज जमणारे हे काम रस्त्यावर किती टिकते, ते खंडाळा तालुक्यातल्या खंबाटकी घाटात तपासण्यासारखे आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढतात, तर साताऱ्याहून येणारी बोगद्यातून बाहेर पडून अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या ‘एस’ वळणावर येतात. अंधार, डोळे दिपवणारा उजेड, पावसाळ्यातले धुके आणि फलक झाकणारे ट्रक, सगळे इथे थोड्याच अंतरात भेटते.

आकारशोधाची पहिली पायरी म्हणजे कडा. शेजारच्या पिक्सेलांची तीव्रता जिथे एकदम बदलते, तिथे कड मानली जाते. १९६८चा सोबेल गाळक हा बदल मोजतो. जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेली पद्धत आधी गोंगाट कमी करते, कड एका पिक्सेलइतकी बारीक करते आणि दोन उंबरठे लावते. वरचा उंबरठा ओलांडणारी कड पक्की धरली जाते. दोहोंच्या मधली कड पक्क्या कडेला जोडलेली असेल तरच राहते. बोगद्याच्या तोंडाशी ठरावीक आकड्यांचे उंबरठे फसतात. ओत्सू यांच्या १९७९च्या पद्धतीप्रमाणे संपूर्ण चित्रासाठी एकच उंबरठा काढला, तर तो बहुधा फलक आणि पार्श्वभूमी वेगळी करण्याऐवजी बोगद्याचा अंधार आणि बाहेरचा उजेडच वेगळा करतो. अशा जागी चित्राचे लहान भाग पाडून प्रत्येकाचा उंबरठा स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

कडांमधून किंवा रंगाने वेगळ्या काढलेल्या भागातून बंद बाह्यरेषा मिळवण्यासाठी सुझुकी आणि आबे यांची १९८५ची पद्धत सर्रास वापरली जाते. ओपनसीव्ही या मुक्त संग्रहातले बाह्यरेषेचे फंक्शन तिच्यावरच आधारलेले आहे. पुढे डग्लस-पॉयकर पद्धतीने (१९७३) रेषेतले अनावश्यक बिंदू गाळले, की कोपरे मोजता येतात: तीन आले तर त्रिकोण, चार आले तर चौकोन, आठ आले तर अष्टकोन.

कोपरे मोजण्याऐवजी अनेक जण वर्तुळाकारतेवर भिस्त ठेवतात. क्षेत्रफळाला ४π ने गुणून परिमितीच्या वर्गाने भागले, की ही संख्या मिळते. आदर्श वर्तुळासाठी ती १ येते, सुसम अष्टकोनासाठी ०.९४८, चौरसासाठी ०.७८५ आणि समभुज त्रिकोणासाठी ०.६०५. त्रिकोण ओळखायला एवढे अंतर पुरते, पण वर्तुळ आणि अष्टकोन यांच्यातले अंतर फसवे आहे. वळणावर ४५ अंश तिरका दिसणारा गोल फलक लंबवर्तुळ होतो आणि त्याची वर्तुळाकारता ०.९५६ पर्यंत उतरते, म्हणजे जवळपास अष्टकोनाइतकी. शिवाय पिक्सेलच्या पायऱ्या-पायऱ्यांची परिमिती खऱ्या परिमितीपेक्षा सुमारे पाच टक्के जास्त भरते. त्यामुळे समोरून घेतलेले वर्तुळही ०.९ च्या आसपासच येते. म्हणूनच ‘थांबा’ आणि वेगमर्यादा यांच्यातला निर्णय या एका संख्येवर सोपवू नये. कोपऱ्यांची संख्या, लंबवर्तुळ किती नीट बसते आणि रंग, असे तिन्ही पुरावे जुळवून पाहावेत.

बाह्यरेषा तुटली, फलकाचा तुकडा ट्रकने झाकला, तर हफ रूपांतर उपयोगी पडते. पॉल हफ यांना बुडबुडा-कक्षातल्या कणांचे माग शोधण्यासाठी १९६२ साली त्याचे पेटंट मिळाले. डूडा आणि हार्ट यांनी १९७२ मध्ये त्याला अंतर व कोन यांचे आजचे रूप दिले. उभ्या रेषेचा चढ अनंत होण्याची अडचण त्यामुळे मिटली. प्रत्येक कड-पिक्सेल आपल्यातून जाऊ शकणाऱ्या सर्व रेषांना मत देतो आणि जास्त मते मिळालेली रेषा निवडली जाते. वर्तुळासाठी केंद्राचे दोन आणि त्रिज्येचा एक असे तीन अज्ञात असतात. ६४० गुणिले ४८० पिक्सेलच्या चित्रात ५० त्रिज्या तपासायच्या, तर मतपेटीत १,५३,६०,००० खाने लागतात. कडेची दिशा वापरून मते केंद्राच्या रेषेपुरती मर्यादित ठेवली, की हा भार बराच हलका होतो.

मार्गिकेच्या पट्ट्यांसाठी सरळ रेषांचे हफ रूपांतर सपाट, सरळ महामार्गावर चांगले चालते. ‘एस’ वळणावर मात्र एकच पट्टी तुकड्या-तुकड्यांच्या रेषांत विभागली जाते. तिथे दृश्य आधी वरून पाहिल्यासारखे सपाट करून पट्टीवर वक्र बसवावा लागतो. चढ-उतारामुळे हे सपाटीकरणही चुकते, कारण त्यात रस्ता एका पातळीत असल्याचे गृहीत धरलेले असते.

न्यूरल नेटवर्क ही आजची प्रचलित वाट आहे. धुके, अर्धवट झाकलेले आणि रंग उडालेले फलक ती हाताने लिहिलेल्या नियमांपेक्षा बरे पेलते, पण शिकवताना तशी चित्रे दाखवली असतील तरच. हैदराबादची आयआयआयटी आणि इंटेल यांच्या भारतीय ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये १०,००० चित्रे आणि ३४ वर्ग आहेत. ती मुख्यतः हैदराबाद, बेंगळुरू आणि त्यांच्या परिसरातली आहेत. सह्याद्रीतल्या पावसाळी घाटासाठी बनवलेल्या यंत्रणेला स्थानिक चित्रांची भर लागणारच.

दोन्ही वाटा एकत्र वापरणे व्यवहार्य आहे: नेटवर्कने फलकाची जागा सुचवावी, भूमितीने आकाराची खातरजमा करावी. दोघांचे जुळले नाही, तर व्हिडिओतली ती चौकट पुढच्या चौकटींशी ताडून पाहावी. यामुळे चूक कोणत्या पायरीवर झाली तेही शोधता येते. चाचणीच्या अहवालात अचूकतेचा एकच सरासरी आकडा पुरेसा मानू नये. बोगद्याचे तोंड, धुके, रात्रीचे दिवे, तिरका कोन आणि झाकलेला फलक यांचे निकाल स्वतंत्र द्यावेत. तसेच सुटलेले फलक आणि चुकीचे ओळखलेले फलक वेगळे मोजावेत, कारण चालकाच्या दृष्टीने या दोन चुकांची किंमत सारखी नसते.