सरस कळफलक मागे का पडतो?

विद्यार्थिमित्रांनो, जी वस्तू गुणांनी सरस, तीच बाजारात टिकते असा आपला समज असतो. मराठी लिहिण्याच्या कळफलकाकडे पाहिले, तर हा समज तपासून घ्यावा लागतो.

समजा, तिवसा येथील एखाद्या विद्यार्थ्याला संगणकावर आपल्या गावाचे नाव लिहायचे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण इंग्रजी अक्षरे दाबून ते लिहितात. त्यासाठी टी, आय, व्ही, ए, एस, ए, ए अशा सात कळा दाबाव्या लागतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त, ऱ्हस्व वेलांटी, व, स आणि काना अशा पाच कळा पुरतात.

इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण ठरविला. त्याची रचना आपल्या वर्णमालेवर आधारलेली आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. क आणि ख, त आणि थ अशा जोड्या एकेका कळेवर असतात. इंग्रजी अक्षरांनी लिहिताना मात्र 'वाट' आणि 'वात' यांचे स्पेलिंग सारखेच होते आणि नेमका शब्द यादीतून निवडावा लागतो.

इन्स्क्रिप्टसाठी वेगळे पैसेही पडत नाहीत, कारण संगणकात तो बहुधा आधीच असतो. मग तो मागे का पडला? एक तर, कळांवर छापलेली अक्षरे इंग्रजी असतात. दुसरे, नवा कळफलक शिकताना सुरुवातीचे काही आठवडे वेग मंदावतो. कष्ट आज करायचे आणि फायदा पुढे मिळणार! शिवाय अडले तर शेजारच्या मित्रालाही तो येत नसतो.

इंग्रजीतही असेच घडले. १८७० च्या दशकातील टंकलेखनयंत्रांबरोबर आलेली क्वर्टी रचना लोकांच्या अंगवळणी पडली. बोटांची हालचाल कमी व्हावी म्हणून ड्वोरॅक व डीली यांनी केलेल्या रचनेला १९३६ साली पेटंट मिळाले. पण तोवर टंकलेखक, शिक्षक आणि कचेऱ्या जुन्या रचनेला सरावल्या होत्या.

म्हणून लोकांना अडाणी ठरविणे योग्य नाही. वस्तूच्या गुणांबरोबर ते शिकण्याचे कष्टही मोजतात. तरीही एक गोष्ट खटकते. ज्या मुलाचे इंग्रजी कच्चे आहे, त्याला स्वतःची मातृभाषा लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावे लागते. ही अडचण बाजार दूर करणार नाही. ती शाळाच दूर करू शकेल. सवय पक्की होण्यापूर्वी, म्हणजे पाचवी-सहावीतच, शिक्षकांनी इन्स्क्रिप्टचा परिचय करून द्यावा असे मला वाटते.

आणि मित्रांनो, माझ्या सांगण्यावर विसंबू नका. एकच उतारा दोन्ही पद्धतींनी महिनाभर रोज लिहा, लागलेला वेळ नोंदवा आणि आलेख काढा. दोन रेषा कोणत्या दिवशी एकमेकींना छेदतात, किंवा छेदतात की नाही, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.