मुक्काम ठरवताना आधी न्हाणीघर पाहा

मैत्रिणींनो, सहल ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, "तिथं बघायला काय आहे?" मुलं विचारतात, खेळायला काय आहे. यजमान विचारतात, गाडी कुठे लावायची. आणि आपण? आपण काही न विचारता दशम्यांचं पीठ मळायला घेतो. मागच्या वर्षीपर्यंत मीही तेच करत होते.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही सातजण भाड्याची जीप करून एका ठिकाणी दोन रात्री मुक्कामाला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई, वन्सं आणि त्यांची मुलगी. ठिकाणाचं नाव सांगत नाही. फोटोत झाडं, तंबू, शेकोटी, सगळं कसं छान होतं. पोचल्यावर पाहिलं तर संडास तंबूपासून लांब, वाटेत दिवा नाही, दाराला आतून कडी नाही. मुलींना न्यायचं तेव्हा मी आणि वन्सं आळीपाळीने दाराशी उभ्या राहिलो. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, बरं आहे, त्यांना जागा आवडलेली दिसते.

परत येताना गाडीतच त्यांना घेरी आली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, पाणी किती प्यालात?" तेव्हा त्या खाली मान घालून म्हणाल्या, "परवापासनं घोटभरच. सारखं जायला लागू नये म्हणून." बरोबर सहा माणसं होती आणि एकालाही कळलं नव्हतं. त्यांच्या ताटाशी तांब्या भरून ठेवणारी मी, तो तसाच भरलेला उचलणारीही मीच. सलाईन लागलं, बरं वाटलं, पण ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. मुक्कामाची जागा घरातल्या सर्वांत अवघडणाऱ्या बाईच्या सोयीने निवडायची. मग ती सासूबाई असो, पाळी आलेली लेक असो की दिवस गेलेली वहिनी. तिची सोय झाली की बाकीच्यांची आपोआप होते.

हल्ली चाकांवरच्या घराची बरीच चर्चा असते. मोठी गाडी, आत बिछाने, शेगडी, न्हाणीघरसुद्धा. आपल्या राज्य सरकारने २०२१ मध्ये अशा कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं होतं. आमच्या गल्लीत अजून कोणी तशी गाडी आणलेली नाही. पण खरं सांगू? कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सासूबाई लहानपणी महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेला बैलगाडीतून जात. गाडीत कडबा, त्यावर गोधडी, खाली लटकवलेला कंदील. झाडाखाली गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि गाडीखालीच झोपायचं. त्या सांगतात, "आमच्या आईनं जागा निवडताना पहिलं पाणी बघितलं आणि दुसरा आडोसा." बघा, म्हणजे नियम माझा नव्हेच, तो त्यांच्या आईचा!

आपल्या हिंगोली जिल्ह्यातच दोन दिवसांचा छान मुक्काम होतो. हिंगोलीहून औंढा नागनाथ साधारण २५ किलोमीटर. जुन्या हेमाडपंती देवळाभोवतीचं कोरीवकाम मुलांना दाखवत सावकाश फिरावं. इथे नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं अशी कथा सांगतात, ती मुलांना तिथेच उभं करून सांगावी. मात्र एक लक्षात ठेवा. गाभारा जमिनीखाली आहे, पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना आग्रह करू नये, वरूनच नमस्कार करू द्यावा. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी फार. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं बरोबर असतील तर ते दिवस टाळावेत.

नर्सी नामदेव हे संत नामदेवांचं गाव. जन्म १२७० चा. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून पंजाबकडचे भाविकही इथे येतात. कयाधू नदीकाठी बसून शिदोरी सोडायला मुलांना फार आवडतं. औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, कळमनुरीच्या बाजूला पैनगंगेवर इसापूर. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी पाहायला मिळतात. पण धरणाच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. वरून शांत दिसतं, खाली गाळ आणि खोली कळत नाही. पाण्यालगत मुक्कामही नको.

मुक्काम देवस्थानाच्या भक्तनिवासात करा, शेतावर करा की तंबूत, आधी फोन करून पुढच्या गोष्टी विचारा. लाजू नका, पैसे आपण देणार आहोत.

१. संडास झोपण्याच्या जागेपासून किती पावलांवर? वाटेवर रात्रभर दिवा असतो का? आतून कडी लागते का? मोबाईलवर फोटो मागवावा, तोही आतला.
२. पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं? वीज गेली तर काय सोय?
३. म्हातारीसाठी कमोड आहे का? नसेल तर मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती बरोबर न्यावी.
४. रात्री जागेवर कोण असतं? एखादं कुटुंब राहत असेल तर उत्तम.
५. पाळीच्या कापडाची, पॅडची विल्हेवाट कुठे लावायची? कागद आणि जुन्या पिशव्या आपल्याजवळ असाव्यात.
६. जवळचा दवाखाना किती लांब? सापाच्या लसीची सोय कुठे आहे?

शेतावर राहताना बॅटरी हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, चपला झटकून घालाव्यात, अंथरूण खाटेवर असावं. साप चावलाच तर दोरी आवळू नये, जखम कापू नये, माणसाला न चालवता १०८ ला फोन करून सरळ दवाखाना गाठावा.

स्वयंपाक गाडीपाशी करणार असाल तर लहान सिलिंडर आणि शेगडी गाडीबाहेर, मोकळ्यावर मांडावी. बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी, शेकोटीचे निखारे ठेवू नयेत. काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच घात होतो.

आणि हो, स्वयंपाक कोणाचा? आपण घर सोडून गेलो आणि तिथेही चूलच फुंकत बसलो, तर सहल कसली? पहिल्या दिवशी घरच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दशम्या दुधात भिजवल्या की दोन दिवस मऊ राहतात. दुसऱ्या दिवशी फक्त खिचडी. पाणी भरणं यजमानांकडे, भांडी मुलांकडे. पहिल्यांदा सगळे कुरकुरतील. कुरकुरू द्यावं.

या पौषात आम्ही पुन्हा गेलो. औंढ्याजवळ ओळखीच्यांच्या शेतावर. आधी एका रविवारी मी आणि हे नुसते जागा पाहून आलो. कडी सैल होती, मालकिणीने आमच्यासमोर घट्ट करून घेतली. संडासापर्यंतच्या वाटेवर दिव्याची माळ ह्यांनी स्वतः लावली. सकाळी मुलांनी आगटीपाशी बसून कोवळा हुरडा खाल्ला. सासूबाईंनी गाभाऱ्यात न उतरता वरूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "त्याला दिसतं की."

पण माझ्यासाठी सहल आदल्या रात्रीच सफल झाली होती. अकराच्या सुमारास पलीकडच्या खाटेवरून सासूबाईंची हाक आली, "जागी आहेस का गं? तांब्या दे इकडं, तहान लागलीय."

मी उठून दिला. त्या पोटभर पाणी प्यायल्या, आणि थोड्या वेळाने कोणालाही न उठवता, दिव्याच्या उजेडात, एकट्या जाऊन आल्या.